चीफचा वाटा

प्रतीकने अंगठ्याने फोटो पुढे सरकवला आणि टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर जान्हवीचे वडील झाडावर बसलेले दिसले.

बुंध्याला लोखंडी शिडी बांधलेली होती. शिडीच्या टोकाशी पाटाएवढी बैठक आणि तिच्यावर बाबा. डोक्याला नारिंगी टोपी, पाठ ताठ, डोळे अर्धवट मिटलेले. मांडीवर आडवी बंदूक.

“हा नव्हे,” प्रतीक घाईने म्हणाला आणि त्याने पुन्हा अंगठा फिरवला. पुढचा फोटो आला तो पडद्यावर तसाच थांबून राहिला. बाबा गवतात गुडघे टेकून बसले होते. समोर एक हरीण उताणं, पोट फाडलेलं. बाबांनी बाही तीन घड्या घालून वर केली होती, इंजिन रूममध्ये उतरताना करायचे तशी. डावा हात हरणाच्या पोटात होता. मनगटावरचं स्टीलचं घड्याळ अर्धं आत, अर्धं बाहेर. ते कॅमेऱ्याकडे बघून हसत होते.

जान्हवीने आपल्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळ तेच होतं. बाबा गेल्यापासून, गेलं वर्षभर, तिने ते फक्त अंघोळीपुरतं काढलं होतं. पट्ट्याच्या कड्यांमध्ये काळपट काहीतरी अडकलेलं होतं. इंजिनाचं तेल असेल म्हणून तिने ते मुद्दाम साफ केलं नव्हतं.

“प्रतीक, बंद कर ते,” गुरुप्रसादकाका म्हणाले.

“करतोय, पप्पा. हँग झालंय.”

बुकित तिमाहच्या त्या कॉन्डोत रविवारची दुपार होती. खाली पोहण्याच्या तलावात मुलं एकामागून एक उड्या मारत होती. स्मिताकाकू ट्रे घेऊन आल्या, पडद्याकडे बघून मधेच थांबल्या आणि मग काही झालंच नाही अशा तऱ्हेने त्यांनी जान्हवीसमोर कागदी कप ठेवला.

“घे. नवाच आहे. तुझ्यासाठी वेगळे आणून ठेवते मी.”

जान्हवी एका फोटोसाठी आली होती. पुढच्या रविवारी बाबांचा, धम्मानंद गजभियेंचा, पहिला स्मृतिदिन. त्या दिवशी वाटायची चाळीस पानी स्मरणिका तिने स्वतः जुळवली होती. मुखपृष्ठ तेवढं राहिलं होतं. तिला बाबा शांत बसलेले हवे होते, डोळे खाली, मागे समुद्र असला तर उत्तमच. बाबा तीस वर्षं जहाजांवर इंजिनिअर होते, त्यातली चौदा गुरुप्रसाद सावंतांच्या हाताखाली. कॅप्टन आणि चीफ. निवृत्तीनंतरही दोघे एकमेकांना तसंच हाक मारत. असा फोटो असला तर तो काकांकडेच असणार होता.

“हे कधीचं?” तिने विचारलं.

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला.

“दोन वर्षं झाली. मार्चमधलं.”

मार्चमध्ये बाबा विपश्यनेला जात. मलेशियात, डोंगरातल्या एका केंद्रात. फोन पहिल्याच दिवशी जमा करायचा, दहा दिवस मौन. अकरा वर्षं, अकरा शिबिरं. बाबा गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी जान्हवी त्यावरच बोलली होती आणि स्मरणिकेतल्या लेखातही तिने तेच लिहिलं होतं. घरी ध्यानाला बसले की कपाळावर डास बसला तरी बाबा हलत नसत, हे लिहिलं होतं. ती एकोणिसाव्या वर्षी शाकाहारी झाली, तेव्हा त्यांनी एका शब्दाने विरोध केला नाही, उलट त्याच दिवसापासून घरातलं मांसमच्छी बंद केलं, हेही लिहिलं होतं. लेखाचं शेवटचं वाक्य तिने तीनदा बदललं होतं. ‘बाबांनी कुणाचा जीव दुखावला नाही.’

आणि दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं, अचानक. जान्हवी तीन रात्री हॉस्पिटलच्या खुर्चीत एकटी बसली होती. केंद्रात निरोप धाडता आला असता. तिने धाडला नव्हता. बाबांची साधना मोडू नये म्हणून.

“कुठे?”

“तास्मानिया. प्रबोध म्हणून आमचा सेकंड ऑफिसर होता, तो तिथे शेती करतो. त्याच्या लसूणघासात हरणं घुसतात. सीझन उघडला की पहिल्याच आठवड्यात आम्ही जातो. सुरुवातीला हरणं बावळट असतात, सरळ शेतात येतात. पंधरा दिवसांनी शहाणी होतात.” काका हे नेहमीच्या उत्साहाने सांगू लागले आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून गप्प झाले.

“पुण्यानुमोदनाला तुम्ही पहिल्या रांगेत होतात, काका. मी अकरा शिबिरं म्हणाले. तुम्ही मान हलवलीत.”

“मग काय करू? उठून सांगू, की बाई, तुझा बाप झाडावर होता?”

“टेक्निकली मौनच होतं, लाह,” प्रतीक फोनशी झटापट करत म्हणाला. तो आणि जान्हवी एकाच शाळेत होते. तिच्याशी असं बोलायची हिंमत त्या घरात त्याचीच होती. “अंकल चार-चार तास हलायचे नाहीत. मॉस्किटो चावला तरी. आम्ही सगळे खाजवायचो, ते नाही.”

“तूही जायचास.”

“पाच वर्षं.”

“आणि मला सांगावंसं वाटलं नाही.”

“तुला? यू व्हेरी फिअर्स, ओके.”

स्मिताकाकू हसल्या, लगेच पदराने तोंड पुसल्यासारखं केलं. जान्हवीला चहाच्या वाफेचीसुद्धा शिसारी आली. पडद्यावर बाबा हसतच होते. हसताना त्यांचा वरचा ओठ डाव्या बाजूला जरा जास्त उचलला जाई. तिला पहिली सायकल आणली तेव्हा ते असेच हसले होते. तिचं डिग्रीचं प्रमाणपत्र हातात घेऊनही.

“त्याला त्याची मजा होती असं समजू नकोस,” काका म्हणाले. “म्हणजे होती. पण मजेपेक्षा… पहिल्या वर्षीची गोष्ट सांगतो. प्रबोधने थट्टा केली. नव्या माणसाची करतातच. म्हणाला, चीफ, आम्ही वर बसतो, तू खालून हाका घाल, हरणं उठव. झालं. चीफने बंदूक ठेवली आणि शेतावरच्या घरी जाऊन बसला. जेवला नाही. आम्ही म्हटलं, हा उद्या विमान पकडणार. तर सकाळी बघतो, हा सगळ्यांच्या आधी जाऊन मचाणावर. तेव्हापासून अकराही वर्षं ते मचाण त्याचंच. तिथून त्याला कोणी उतरवायला गेलं नाही.”

“का चिडले?”

“मी विचारलं नाही,” काका म्हणाले. “विचारायला हवं होतं.”

टीव्ही एकदम काळा झाला. “येस!” प्रतीक म्हणाला.

जान्हवी उठली. फोटो नकोच, असं काहीतरी पुटपुटली. ती चपला घालत असताना काका आतून थर्माकोलची पेटी घेऊन आले. चारी बाजूंनी चिकटपट्टी, झाकणावर मार्करने लिहिलेलं : चीफ.

“हे काय?”

“त्याचा वाटा. आमच्या गावात शिकारीचे वाटे मचाणं मोजून पडतात. माणूस गेला तर पहिल्या वर्षी त्याचं मचाण रिकामं ठेवायचं आणि वाटा घरी पोचवायचा. यंदा आम्ही तसंच केलं. पुढच्या पायाचा नाही, मागच्या मांडीचा फरा आहे. अख्खा. तोच घ्यायचा तो.”

“मी हे माझ्या घरात नेणार नाही, काका.”

“ते तुझ्यासाठी नाहीच आहे,” स्मिताकाकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. या वेळी त्या हसत नव्हत्या. “सरोजिनीने सकाळी फोन केला होता. म्हणाली, जान्हवी येतेय, तिच्याबरोबर पाठवून दे.”

सरोजिनी हे जान्हवीच्या आईचं नाव. बाबा गेल्यापासून पांढऱ्या साडीत बुद्धमूर्तीसमोर रोज दोन वेळा त्रिशरण-पंचशील म्हणणारी आई.

ग्रॅब टॅक्सीत जान्हवीने पेटी पायाशी ठेवली. पेटीचा एक कोपरा चेपला होता. पहिल्या सिग्नलपर्यंत तिथून पाणी पाझरू लागलं आणि तिच्या चपलेच्या पट्ट्यापर्यंत आलं. बर्फाचंच पाणी होतं, पण त्याला गुलाबी झाक होती. तिने पाय उचलून घेतले आणि बुकित बातोकला घरी पोचेपर्यंत तशीच अवघडून बसली. घड्याळ काढलं, टिशूत गुंडाळलं, पर्सच्या तळाशी टाकलं. मनगटावर पांढरा पट्टा उमटला होता. तिथली कातडी तिने ओल्या टिशूने पुसली. मग पुन्हा पुसली.

वाटेत प्रतीकचा मेसेज आला. पहिलाच फोटो होता, कातरलेला. बंदूक नव्हती, टोपी नव्हती, शिडी नव्हती. नुसता चेहरा आणि मिटत आलेले डोळे, मागे अस्पष्ट हिरवं. खाली लिहिलं होतं : ‘कव्हरला चालेल. खूप पीसफुल. कोणाला कळणार नाही.’

फोटो खरोखरच सुंदर होता. तिला हवा होता तसाच.

लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरच्या चिनी आंटी भेटल्या. पेटीकडे बघून त्यांनी कौतुकाने मान हलवली. “वाह, मार्केटिंग आह? सो हेवी!” इथे बाजारहाटाला मार्केटिंगच म्हणतात. जान्हवी हसली. पेटीतून एक थेंब लिफ्टच्या जमिनीवर पडला. तिने त्याच्यावर पाऊल ठेवलं.

दार उघडलं तेव्हाच खोबरं आणि खसखस भाजल्याचा वास आला. आई ओट्याशी उभी होती. कांदे चिरून झाले होते, आलं-लसूण वाटून झालं होतं. पांढऱ्या साडीवर तिने बाबांचा जुना टॉवेल खोचला होता.

“ठेव इथं,” ती म्हणाली. “गळतंय की काय? खाली कागद घाल.” मग तिचं लक्ष जान्हवीच्या हाताकडे गेलं. “घड्याळ कुठं आहे?”

“पर्समध्ये. तुला माहीत होतं.”

“हाव.”

“पहिल्यापासून?”

“बॅग कोण भरत होतं?” आई चिकटपट्टीचं टोक नखाने शोधू लागली. “रक्ताचे डाग गरम पाण्याने जात नाहीत, गारच घ्यावं लागतं. स्मिताकडं धुवायचो आम्ही दोघी.”

“आणि तुझ्या ऑपरेशनच्या वेळी? मी तीन रात्री बसले होते, आई. मी त्यांना कळवलं नाही. ध्यानात आहेत म्हणून. आणि ते तिकडे हरणाच्या पोटात हात घालून…”

“मी कळवलं होतं,” आई म्हणाली. “नर्सच्या फोनवरून. निघतो म्हणाले. मीच नको म्हटलं.”

“का?”

“तू तिथंच बसली होतीस ना. शिबिर अर्धं सोडून ते कसे आले, त्यांना कळलं कसं, ते तू विचारलं असतंस. तू सगळं विचारतेस. मग ते खोटं बोलले असते आणि पकडले गेले असते. त्यांना बोलायला येतच नव्हतं खोटं, अकरा वर्षांत एकच पाठ केलेलं.”

“मी काय त्यांना खाल्लं असतं?”

आईने पेटी उघडली. पारदर्शक पिशवीत तो फरा होता, गर्द लाल, जवळजवळ काळा, एका बाजूला पांढरी चरबी आणि हाडाचा गोल, गुळगुळीत शेंडा. जान्हवीने तोंड फिरवलं. समोर भिंतीवर तिची फळी आली.

फळीवर तिची भांडी होती. दोन पातेली, कढई, तवा, चार ताटल्या, पेला. प्रत्येकाच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. ठिपका पुसट झाला की ती नवा लावत असे. वीस वर्षांत ती सवय झाली होती. घरात मांस शिजणं बंद होऊन वीस वर्षं झाली, तरी तिने भांडी एकत्र केली नव्हती आणि कोणी कर म्हटलंही नव्हतं.

“त्या दिवशीही रविवार होता,” आई तिच्याकडे न बघता म्हणाली. “तू होस्टेलवरून आलीस आणि तशीच खाली दुकानात गेलीस. ही भांडी आणलीस. ठिपके लावलेस. आणि आमच्या भांड्यांना लागू नयेत म्हणून मधे पेपर घातलास. तुझे बाबा बेसिनशी हात धूत होते.”

“ते काही बोलले नाहीत.”

“नाही.”

“मी लिहिलंय तसं. त्यांनी त्याच दिवशी…”

“संध्याकाळी मोठी पातेली इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, नेऊन ठेवली. ज्याला हवीत त्याने न्यावीत म्हणून. मला म्हणाले, पोरगी शिकली.” आईने पिशवीला कात्री लावली. “एवढंच म्हणाले.”

वास आला. ओल्या लोखंडासारखा, त्याखाली आणखी काहीतरी गोडसर, रानातलं. जान्हवीने ओढणी नाकाला लावली.

“भंडाऱ्याला तुझे आजोबा मालगुजाराच्या शिकारीत हाका घालायचे,” आई म्हणाली. मांस गार पाण्याखाली धरून ती हाडाच्या कडेने बोट फिरवत होती. “दिवसभर काट्याकुट्यांतून डबे बडवत फिरायचं. वर मचाणावर ते लोक. संध्याकाळी वाटा म्हणून आतडी मिळायची, तीही लांबून टाकलेली. पाणी मागितलं की ओंजळीत, वरून. तुझे बाबा सात-आठ वर्षांचे, सोबत जायचे. आतडी घरी आणायचं काम त्यांचं. फरा कसा लागतो ते त्यांना साठीच्या आसपास कळलं.”

“म्हणून जीव घ्यायचा?”

“मला नव्हतं आवडत. सांगितलंही होतं. म्हणायचे, पंचशील घेतलंय, मोडतोय, माहीत आहे मला.” आई जराशी हसली. “पण मांस छान असायचं.”

“मला किळस येते, आई. अजूनही. हे सगळं ऐकूनसुद्धा.”

“येऊ दे. मी कुठं खा म्हणते? त्यांनी तरी कधी म्हटलं?”

ओट्यावर ठेवलेला जान्हवीचा फोन थरथरला. स्मरणिका छापणाऱ्याचा मेसेज होता. मुखपृष्ठ सहापर्यंत पाहिजे. पडद्यावर प्रतीकने पाठवलेला फोटो तसाच उघडा होता. आईने हात पुसले, फोन दूर धरून बघितला. बराच वेळ बघितला.

“किती शांत दिसतात.”

“बंदूक कापलीय त्याने.”

“ते ठीक आहे.” आईने फोन परत दिला. “शिडी कशाला कापली? वर बसलेत ते कळायला नको?”

आई खाली वाकून कपाटात शोधू लागली. तिने कुकर काढला, फऱ्याच्या शेजारी ठेवून पाहिला. मग दुधाचं पातेलं काढलं. तेही लहान होतं. हाड बाहेर राहिलं असतं.

“अख्खाच शिजवायचे ते, तोडायचे नाहीत,” ती स्वतःशीच म्हणाली. “स्मिताकडं मोठं आहे.” एकदा तिची नजर फळीकडे गेली आणि तिथे थांबली नाही. तिने सुरी घेतली. “राहू दे. तुकडे करून दोनदा लावते.”

सुरी सांध्याशी नेऊन ती जागा चाचपत होती, तेव्हा जान्हवीने हात वर करून आपलं मोठं, फारसं न वापरलेलं पातेलं काढलं. खालचा पेपर पातेल्याला चिकटून अर्धा वर आला आणि फाटला. तिने पातेलं विसळलं, शेगडीवर ठेवलं, गॅस पेटवला. आई सुरी धरून तशीच उभी राहिली.

जान्हवी ओढणीत तोंड धरून तिथेच थांबली. पातेल्याखाली ज्योत पसरली. थोड्या वेळाने, मांसाच्याही आधी, नेलपॉलिश जळल्याचा वास आला.